प्राचार्य आत येतात तेव्हा

संघटनेच्या कार्यशाळेत आम्हा प्राध्यापकांकडून वाटाघाटींचा सराव करून घेत होते. आमच्यातल्याच जाधव सरांना प्राचार्य केलं होतं. ते दारातून आत आले आणि आम्ही पाचही जण ताडकन उभे राहिलो.

“अहो, बसा!” शिकवणाऱ्या बाई कडाडल्या. “उद्या वैशाली मॅडमसाठी भांडायला जाणार आहात ना?”

वैशाली मॅडम मागच्या बाकावर होत्या. बाळंतपणाची रजा मागितली म्हणून त्यांना कामावरून काढलंय. सगळे हसले, त्या हसल्या नाहीत.

जाधव पुन्हा आत आले. आम्ही पुन्हा अर्धेमुर्धे उठलोच. माझा मलाच राग आला. इतकी वर्षं मी वर्गात शिरलो की मुलं उभी राहतात, आणि मी खुशाल ‘बसा’ म्हणतो. एखादा बसून राहिला तर त्याच्याकडे रोखून बघतो. मुलांना उठायला लावता लावता माझे गुडघेही तेच शिकले असावेत.

तिसऱ्यांदा दार उघडलं. मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि बसून राहिलो. पाचही जण बसून राहिलो. जिंकल्यासारखं मागे वळून पाहिलं, तर वैशाली मॅडम पदर सावरून, मान खाली घालून उभ्या होत्या.