वापरायला की विकायला

लोक डॉक्टरला कुठे दुखतंय तेवढंच सांगतात. मला बँकेचं स्टेटमेंट आणून देतात. इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देण्याचा माझा धंदा, त्यामुळे कोण कुठे जेवायला गेलं, कोणी कोणाला किती पाठवले, सगळं माझ्या टेबलावर येतं. वीस वर्षांत असे किस्से इतके साचलेत की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात, आमच्या किचनमधल्या झाकणांसारखे. म्हणून आज फक्त चावीवाल्यांचे सांगते.

चावीवाले म्हणजे आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ज्यांना रोज चावी द्यावी लागते अशी जुनी मनगटी घड्याळं जमवणारे, दुरुस्त करणारे, आपसात किंवा ऑनलाइन विकणारे लोक. दर रविवारी सकाळी अकराला बोरिवली वेस्टला माझ्या ऑफिसात जमतो. ऑफिस म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा दहा बाय बाराचा गाळा, फार अपेक्षा ठेवू नका.

ग्रुपचा एकच रिवाज आहे, तो मात्र कडक. घड्याळ विकणाऱ्याने ते कुठून आलं हे सगळ्यांसमोर सांगायचं, चावी द्यायची आणि घेणाऱ्याच्या मनगटावर स्वतःच्या हाताने बांधायचं. पैसे नंतर मोबाइलवरून आले तरी चालतात. बांधल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं आम्ही मानत नाही.

हा रिवाज पेडणेकर काकांनी सुरू केला. वय बहात्तर, मूळचे मालवणकडचे. ऐन तरुणपणी गिरणी बंद पडली, मग अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून रिटायर झाले. बायको गेल्यावर हे घड्याळांचं खूळ लागलं आणि त्या खुळानेच माणूस उभा राहिला. सकाळी उठून खिडकीतल्या टेबलाशी बसायचं म्हणून ते उठायचे, हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय. गेल्या वर्षी ते टेबलच बंद व्हायची वेळ आली होती. ते सांगायचंच आहे, पण आधी बाकीच्यांची वाट लावते.

*

सुरुवात हितेशभाईंपासून. हितेशभाईंचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि घरात वडिलांची, काकांची, मामांची मिळून खोकंभर घड्याळं. एक दिवस त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला की आता मोबाइलवरून आलेल्या प्रत्येक रुपयावर टॅक्स लागणार. कोणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता नाही. मला विचारायचं ना? माझं ऑफिस त्यांच्या दुकानापासून चार मिनिटांवर. पण नाही.

पुढे रिटर्नच्या वेळी स्टेटमेंट घेऊन आले. एका महिन्यात अकरा लोकांनी पैसे पाठवलेले आणि प्रत्येकाच्या पुढे लिहिलेलं, हॅपी बर्थडे.

म्हटलं, "हितेशभाई, मार्चमध्ये तुमचे अकरा वाढदिवस झाले."

मान खाली घालून म्हणाले, "विक्री दिसायला नको ना, म्हणून मीच लिहायला सांगितलं. गिफ्टवर कुठे टॅक्स असतो, अनघाबेन?"

मी कपाळाला हात लावला. घरात वापरलेली आपली वस्तू विकली तर त्या पैशावर सहसा टॅक्स लागत नाही. दागिने, चित्रं वगैरेंचं वेगळं आहे, पण साध्या स्टीलच्या घड्याळाला कोण विचारतो? उलट परक्या माणसांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर भेटी आल्या तर त्या उत्पन्नात धरतात. या गृहस्थांनी नसलेला टॅक्स शोधून काढून, त्याला बोलावून, खुर्ची दिली होती. वडिलांच्या घड्याळांचे फोटो आणि जुन्या पावत्या गोळा करून ते निस्तरायला माझे दोन शनिवार गेले.

*

त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यांना समोर बसवून शाळा घेतली. एकच प्रश्न लक्षात ठेवा, म्हटलं. वस्तू वापरायला घेतली होती की विकायला? वापरायला घेतलेली पुढे विकली, तर ती तुमची वस्तू. विकायलाच घेतली, तर तो धंदा. मग तो कितीही बारका असू दे, त्यातला नफा दाखवायचा. आणि धंदा असणं हा काही गुन्हा नाही.

विनय हे फार मन लावून ऐकत होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. विनय अंधेरीला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. गोवंडीच्या भंगारातून घड्याळं उचलतो, काकांकडून दुरुस्त करून घेतो आणि ऑनलाइन विकतो. आठवड्याने त्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, ताई, याला जरा समजवा, हा डाव्या हातात तीन आणि उजव्या हातात तीन घड्याळं घालून ऑफिसला जातो. लिफ्टमध्ये लोक सरकून उभे राहतात.

रविवारी विनय आला तो बाह्या वर करूनच. सहाही चालू होती, सहाही वेगवेगळी वेळ दाखवत होती.

"ताई, वापरतोय," म्हणाला. "प्रत्येक आठ दिवस. मग विकतो."

मी त्याला म्हटलं, विनय, प्रश्न तू घातलंस का असा नाहीये रे, घेतलंस कशासाठी असा आहे. तो एकेक घड्याळ काढून टेबलावर ठेवायला लागला आणि सहावं काढताना थांबला. म्हणाला, "हे एक राहू दे, याची सवय झाली." ते अजून त्याच्याकडे आहे. बाकी पाचांचा नफा त्याने दाखवला, मुकाट्याने.

*

काकांचा धंदा कसा असायचा ते विनयनेच सांगितलेलं. एकदा दोघं गोवंडीला गेले होते. भंगारवाल्याने एका कुजक्या पट्ट्याच्या घड्याळाचे शंभर रुपये सांगितले. काकांनी मागचं झाकण उघडलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, अरे, याची मशीन चांगली आहे, याचे अडीचशे होतात. अडीचशे दिले! भंगारवाला पुढच्या वेळेपासून काकांसाठी खुर्ची टाकायला लागला आणि विनयने त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं सोडून दिलं.

*

आता माझा स्वतःचा. दोनेक वर्षांपूर्वी काकांनी एका रविवारी बायकांचं एक छोटं घड्याळ आणलं. गोल डायल, बारीक काळा पट्टा. मला बघताक्षणी आवडलं. मी लगेच पैसे पाठवले आणि हात पुढे केला.

काकांनी बांधलंच नाही. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तूच बांध गो." कुठून आलं विचारलं तर म्हणाले, मिळालं असंच. आणि उठून हात धुवायला गेले. मी मागून ओरडले, काका, तुमचाच रिवाज तुम्हीच मोडता काय! हितेशभाईंनी त्यांना चहाचा दंड ठोठावला. काकांनी निमूट सगळ्यांना चहा पाजला आणि त्या दिवशी लवकर घरी गेले. मला वाटलं, पित्त झालं असेल. तेव्हापासून ते घड्याळ माझ्या हातावर आहे. सकाळी देवासमोर दिवा लावते आणि त्याला चावी देते.

*

आणि मग गेल्या वर्षी काकांना टॅक्स खात्याचं पत्र आलं. मोबाइलवर आलं होतं, ते त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. तुमच्या खात्यात बऱ्याच लहान लहान रकमा जमा झाल्या आहेत, त्या कशाच्या ते कळवा, एवढंच होतं त्यात. आमच्या धंद्यात असली पत्रं रोजची. पण काकांना जन्मात सरकारचं पत्र आलं नव्हतं. ते रविवारी आले नाहीत. दुसऱ्या रविवारीही नाहीत. फोन उचलेनात.

तिसऱ्या रविवारी मी तडक ईस्टला त्यांच्या घरी गेले. खिडकीतलं टेबल रिकामं. चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, भिंग, सगळं जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी ठेवलेलं. काका दाढी न करता बसले होते. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं.

म्हणाले, "मी कोणाक फसवूक नाय गो."

मला इतका राग आला. त्या पत्राचा, काकांचा आणि माझाही. मी रविवारी सगळ्यांची शाळा घेतली आणि यांना कधी धड विचारलंच नाही. ते सामान भंगारात द्यायचं म्हणत होते. मी सांगितलं, काका, चोरी केली म्हणून पत्र आलेलं नाही, विचारलंय म्हणून सांगायचं. सामान आत्ता देऊ नका, उद्या बँकेचं स्टेटमेंट घेऊन ऑफिसात या, उत्तर मी लिहिते. एवढं कबूल करून घेतलं आणि चादरीचं गाठोडं सरळ उचलून माझ्या ऑफिसात आणून ठेवलं. न जाणो, रात्रीत विचार बदलला तर.

*

त्या पत्राचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. उत्तर गेलं, बारकासा नफा होता तो दाखवला, काकांचं उत्पन्न एवढंसं की टॅक्स काही बसला नाही. विषय मिटला. पण मला सांगायचीय ती त्या सोमवारची गोष्ट.

काका आले. दाढी केलेली होती, पण गाठोड्याकडे बघायला तयार नाहीत. मी स्टेटमेंटवरच्या एकेक रकमेला नंबर दिला आणि विचारत गेले. कुठून घेतलं, वापरायला की विकायला, कोणाला दिलं.

पहिलं, गोवंडी, विकायला. दुसरं, गोवंडी, विकायला. तिसरं, चोरबाजार, विकायला. मला धाकधूक व्हायला लागली. म्हटलं, काका, एखादं तरी घालायला घेतलं असेल ना? नीट आठवा.

"आठवलं की," म्हणाले. "विकायलाच घेतलेलं. खोटं कशाला सांगू?"

मी लिहीत गेले. विकायला, विकायला, विकायला. पार्टला किती लागले तेही त्यांना तोंडपाठ. भंगारवाल्याला जास्त दिलेलेसुद्धा त्यांनी लपवले नाहीत.

नऊ नंबरला पैसे पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव. मला हसू आलं. मी डावा हात वर करून दाखवला. "हे बघा, हे तर इथेच आहे. हे कुठून घेतलं होतं? गोवंडी?"

"दादर," काका म्हणाले.

"दादरला कोणाकडून?"

"दुकानातून. नवीन. लग्नाला वर्ष झालं तेव्हा."

माझा हात तसाच वर राहिला. तरी तोंडातून सवयीने पुढचा प्रश्न गेलाच. वापरायला की विकायला?

"सुमनसाठी," ते म्हणाले. माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "ती गेल्यावर बंद पडून असायचं. बाकी सगळ्यांना चावी देता यायची मला. त्या एकाला हात लागेना. तुझ्या हातावर चालेल म्हटलं."

मी पट्टा सोडला, घड्याळ काढलं आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, काका, हे तुमचं आहे, घेऊन जा.

काकांनी ते उचललं. बराच वेळ नुसतं धरून बसले. मग अंगठ्याने सावकाश चावी दिली, कानाला लावलं. उठले, कोपऱ्यातल्या गाठोड्याची गाठ सोडली आणि आतून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणून पट्ट्याचं ढिलं झालेलं बक्कल घट्ट केलं.

"हात कर पुढे," म्हणाले.

मी केला. त्यांनी घड्याळ माझ्या मनगटावर ठेवलं, पट्टा ओढला आणि स्वतःच्या हाताने बांधलं.

"हां," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आता दहावं लिही."