छावणीतली राणू

छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं आणि हवेत कोरडी थंडी होती. आमच्या कोकणात थंडीलाही ओल असते. इथली थंडी मात्र ओठ फोडणारी. मला न्यायला माझी शाळासोबतीण मीरा आली होती. ती जनावरांची डॉक्टर आहे, गारखेड्यात तिचा कुत्र्या-मांजरांचा छोटा दवाखाना आहे. चार दिवस राहायचं, शहर पाहायचं, असं मी ठरवून आले होते. तिनं मला स्कूटरवर बसवलं आणि सांगितलं, की आधी दवाखान्यात जाऊ, दोन पेशंट थांबलेत.

त्या दोघांतला पहिला होता एक जाडजूड लॅब्रॅडॉर. त्याला दोन पायऱ्या चढायलाही धाप लागत होती. घरातले पाचही जण त्याला आपापल्या चहातलं बिस्किट देत आणि प्रत्येकाला वाटे, आपण एकच तर देतो. मीरानं त्यांना हसत हसत समजावलं, की उद्यापासून खाऊ घालण्याचं काम एकाच माणसाकडे द्या. दुसरं एक पिल्लू होतं, उलट्यांनी मलूल झालेलं. त्याची लस राहून गेली होती. त्याला सलाईन लावून झाल्यावर आम्ही न्याहारीला बसलो. मीरानं डब्यातून सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ) आणली होती. मला ती पोह्यांपेक्षा हलकी आणि जरा जास्तच तिखट लागली.

खाणं संपायच्या आत साळवेकाका आणि काकू आले. काकूंच्या पदरात गुंडाळलेली एक पांढरी मांजर होती, राणू. काकांनी मीराला "जय भीम, मॅडम" केलं. हे दोघं छावणीत, म्हणजे शहराच्या कँटोन्मेंट भागात राहतात. काका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाला ताप-खोकला आला की अजून आधी त्यांच्याकडेच येतात, हे मीरानं मला नंतर सांगितलं.

राणू तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. चेहरा सुजलेला, तोंडातून लाळ गळत होती. "कालपासून खाईना, पिईना," काकू म्हणाल्या. "सकाळपासून तर लई धापा टाकायली."

मीरानं तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असतात त्या मातकट तपकिरी झाल्या होत्या. मीरानं लगेच तिला ऑक्सिजन लावला आणि काकांना विचारलं, हिला काही औषध दिलंय का.

"नाय," काका म्हणाले. "काहीच नाय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मीराच्या ते लक्षात आलं असणार. पण ती काकूंकडे वळली नाही. राणूच्या डोक्यावर हात ठेवून, तिचं वय विचारावं तितक्याच साध्या आवाजात ती काकांनाच म्हणाली, "काका, अंग तापलं म्हणून कुणीही गोळी देईल. मी रागावणार नाही. पण दिली असेल तर हिचं औषध वेगळं आहे, आणि ते आत्ताच द्यायला हवं."

काकांनी खिशातला रुमाल काढून राणूची लाळ पुसली.

"तापाची गोळी दिली," ते शेवटी म्हणाले. "वजनाच्या हिशोबानं, अगदी लहान तुकडा करून. काल सकाळी आणि रात्री."

माणसाची ती साधी पॅरासिटामॉल. घरोघरी असते. ती पचवायची ताकद मांजराच्या शरीरात जवळजवळ नसतेच. वजन पाहून दिलेला तुकडाही रक्त बिघडवतो आणि जीव घेऊ शकतो. यावरचा उतारा मोठ्या रुग्णालयाजवळच्या औषधाच्या दुकानात मिळतो, म्हणून मीरानं मला आणि काकांना रिक्षानं पिटाळलं.

रस्ताभर काका समोर पाहत बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, पण तेच बोलू लागले. लेक नांदायला गेली आणि त्याच महिन्यात राणू पावसात भिजलेली दारात आली, तेव्हापासून काकू घरात पुन्हा बोलायला लागल्या. आयुष्यभर लोकांना औषधं दिली, कधी कुणाला चुकीची पुडी गेली नाही, असंही ते सांगत होते. पहिल्या दुकानात औषध नव्हतं. दुसऱ्यात मिळालं. ते खिशात न ठेवता त्यांनी परत येईपर्यंत दोन्ही हातांत धरलं होतं.

औषध देताना राणूला धरण्याचं काम माझ्याकडे आलं आणि तिनं माझ्या मनगटावर चांगलाच ओरखडा काढला. मी रुमाल बांधायला निघाले, तर मीरानं मला नळाखाली उभं केलं आणि साबण लावून पाव तास हात धुवायला लावला. संध्याकाळी रेबीजचं पहिलं इंजेक्शनही घ्यायला लावलं. मांजर घरातली असली तरी, ओरखडा लहान असला तरी. पाहुणी म्हणून सवलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीराची मैत्रीण डॉक्टर दवाखाना आणि तिथंच ठेवलेल्या राणूला सांभाळायला आली आणि आम्ही शहराबाहेरच्या बिडकीनला गेलो. एका शेतकऱ्याच्या राखणीच्या कुत्र्याला गोचिडांनी भंडावलं होतं. वाटेत नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद, रिकामे रस्ते लागले आणि त्यांना लागूनच ज्वारीची उभी शेतं. कुत्र्याच्या अंगाला रॉकेल चोळायचा घरच्यांचा विचार होता. मीरानं तो मोडून काढला, कारण त्यानं कातडी भाजते आणि चाटलं तर पोटातही जातं. तिनं योग्य औषध दिलं आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटीही साफ करायला सांगितल्या. कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड काढले तरी बाकीचे तिथंच दबा धरून असतात. निघताना त्यांनी आम्हाला हुरडा (शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले ज्वारीचे कोवळे दाणे) खायला बसवलं. गरम, गोडसर दाणे आणि सोबत लसणाची चटणी. मीरा खात होती, पण तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. राणूबद्दल एकच उत्तर येत होतं, अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखाना उघडला तेव्हा काका-काकू पायरीवर बसून होते. आत राणू उठून बसली होती. हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग परतला होता. काकूंनी घरून आणलेला उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा पुढं केला. तिनं तो हुंगला, तोंड फिरवलं आणि मग सावकाश खाल्ला. काकू रडल्या. काका बाहेर गेले.

त्यांच्या मागोमाग मी गेले, वाटलं एकट्याला नको सोडायला. बाहेर बाकावर लोक आपापली जनावरं घेऊन बसले होते. एका तरुण मुलीच्या मांडीवर मांजर होती. काका तिच्यासमोर उभे होते.

"हिला घरातली तापाची गोळी कधी देऊ नको, बाई," ते म्हणाले. "मी दिली होती. मी कंपाउंडर होतो, तरी दिली."

बाकावरचे सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. ते मात्र तिथून हलले नाहीत. मुलीनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

चौथ्या दिवशी परतीच्या गाडीत बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा मीरानं काकांना गोळीबद्दल विचारलं तीच घटका येत होती. मीरा तेव्हा तडकली असती, तर तो मानी माणूस गप्पच राहिला असता. राणू गेली असती आणि ती कशानं गेली हे त्या दोघांशिवाय कुणाला कळलं नसतं.

घरी पोचले. आईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. गोळ्या घेतेस ना, असं विचारलं की "घेते गं" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्या संध्याकाळी मी तिचा गोळ्यांचा डबा घेऊन तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "यातली कुठली गोळी तुला नकोशी वाटते?"

तिनं डब्यातली एक पट्टी बाजूला काढली.

"ती लहान पिवळी," ती म्हणाली. "चक्कर येते तिनं. दिवाळीपासून घेतच नाही मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो.