सुभेदारांचा मेसेज

लालासाहेब माझा थोरला भाऊ. सख्खा असला म्हणून झाकून ठेवणार नाही, असा हेकट माणूस लोणंदच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झाला, पण हातात मोबाइल आला आणि त्याची नोकरी पुन्हा सुरू झाली. माजी सैनिकांच्या ग्रुपवर काही आलं, की हा मजकूर नंतर वाचणार, आधी पाठवणाऱ्याचा हुद्दा बघणार. शिपायाचा मेसेज म्हणजे अफवा. सुभेदाराचा म्हणजे हुकूम.

त्याची पोरगी क्रांती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर पळायची. वय सरत आलेलं, ही शेवटची भरती. साताऱ्यात तिची मैदानी चाचणी होती. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर एका निवृत्त सुभेदारांचा मेसेज आला, पावसामुळे मैदानी चाचणी पुढे ढकलली.

"आण्णा, ह्यात जिल्हाच न्हाई," क्रांती म्हणाली. "भरतीच्या साइटवर कायबी आलेलं न्हाई. मी बघितलंय."

"साइटवर कोण टाकतं? त्येचा हुद्दा काय?"

"निदान सुभेदारांना फोन तरी लावा."

"वरिष्ठाला उलटं इचारायचं? शिस्त हाय का न्हाई तुला?"

मी मध्ये पडलो तर माझ्यावरच खेकसला, "तू कवा बंदूक धरली हुतीस रं?" पोरगी ऐकेना म्हणून तिचं प्रवेशपत्र आणि आधार कार्ड त्यानं कपाटात कोंडलं, किल्ली करदोट्याला अडकवली आणि घोरायला लागला. पहाटे क्रांती बूट घालून उंबऱ्यात बसून राहिली.

साताऱ्यात मैदानी चाचणी ठरल्याप्रमाणे झाली. मेसेज खरा होता, पण सांगलीचा. सुभेदारांच्या नातवाची चाचणी तिथं होती. "तो मेसेज सांगलीचा होता," असं त्यांनी दुपारी ग्रुपवर टाकलं. त्याखाली आमच्या बंधुराजांनी लिहिलं, "जय हिंद साहेब." पोरीची माफी मात्र त्यानं आजवर मागितलेली नाही.

क्रांती आता शिरवळला कंपनीत जाते, पळायचे तेच बूट घालून. परवा सकाळी ती निघताना लालासाहेब ओरडला, "जाऊ नगंस! हायवे बंद हाय. ग्रुपवर आलंय."

"कुणी टाकलंय?"

लालासाहेबाची छाती फुगली. पोरगी शेवटी हुद्दा विचारायला शिकली होती. "सुभेदारसायबांनी!"

"मग चालू असंल," म्हणाली आणि गेली.