दोन काचांच्या मधली वाफ

भूतखेत, बाहेरची बाधा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. यवतमाळात स्लायडिंगच्या दार-खिडक्यांचा माझा धंदा. काचेत काही विचित्र दिसलं, की एक तर ते प्रतिबिंब, नाहीतर फिटिंगवाल्याची चूक... असा माझा सरळ हिशोब.

कापसाचे ते वाईट दिवस. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. माझे भाऊजी, ताईचे यजमान, पांढरकवड्याला सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये फोरमन, घरही आवारातच. जन्मभर रुईची धूळ छातीत गेली आणि शेवटी श्वासच पुरेना. डॉक्टर म्हणाले, खोली बंद ठेवा. भाऊजी ऐकतात होय!

"दिवाल पाहात पडून राहू का म्या? कापसाच्या गाड्या दिसल्या पाह्यजे मले."

म्हणून मी आवाराच्या बाजूला काचेचं स्लायडिंग दार बसवलं. थंडीचे दिवस, त्यात भाऊजींना सारखा वाफारा द्यावा लागे—साधी काच घामेजून आंधळी झाली असती. म्हणून दुहेरी काच घेतली. मधे हवाबंद पोकळी, कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे. ताईला छाती ठोकून सांगितलं, "याच्यात वाफ आली तर धंदा सोडून देईन."

पुढे भाऊजींना नागपूरच्या दवाखान्यात हलवावं लागलं. त्यांचा भाऊ सोबत गेला. ताईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तिच्याजवळ मी थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली.

"विजू, तुह्या काचेत वाफ आली पाय."

मी हसत फडकं घेतलं. आतून पुसलं, बाहेरून पुसलं... जाईना. वाफ दोन काचांच्या मधे होती. तळहाताएवढा डाग, रिकाम्या पलंगावरच्या उशीसमोर. पसरायचा, विरायचा, पुन्हा पसरायचा. सील कुठेही सुटलेलं नव्हतं. आणि सील सुटलं तरी वाफ अशी ये-जा करत नाही, ठाण मांडून बसते.

"काच बदलून टाकतो," मी म्हणालो.

"हात नोको लावू! त्यायचा दम हाय तो. मधीच अडकते, मंग जोरानं येते... इतके वर्सं बाजूले निजली मी, मले नाही वयखू येनार?"

मी फडकं खाली ठेवलं.

दुपारी डाग लहान होत चालला. ताई रडायला लागली. "विजू, काही कर ना रे! तूच बसवलं न हे दार!"

काय करणार होतो? मीच तर ते हवाबंद बसवलं होतं. काचेवर वाफ येऊ नये म्हणून आयुष्यभर राबलेला मी, काचेला तोंड लावून हाऽ हाऽ करत सुटलो. ताईही. आमची वाफ अलीकडेच धरायची आणि उडून जायची. मधली जागा हळूहळू स्वच्छ झाली. पलीकडे कापसाच्या गाड्या लख्ख दिसत होत्या.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला. भाऊजी गेले. कधी गेले, हे विचारायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.

धंदा काही मी सोडला नाही. पण ती वाफ कुठून आली, हे आजही मला सांगता येत नाही. ताई अजून त्या दाराशी बसते. मी गेलो की विचारते, "पाय बरं, आली का?"

मी वाकून बघतो. काच कोरडी ठणठणीत असते. काम चोखच केलं होतं मी.