शून्यरावांचा बॅज

आमच्या ह्यांना कारखान्यात शून्यराव म्हणतात. काम मोठमोठ्या पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढायचं. साधे नव्हेत, किरणांचे. आत कुठे फट राहिली असेल तर फिल्मवर दिसते. अंगात किरण किती गेले ते कळावं म्हणून ह्या लोकांनी छातीवर बॅज लावायचा असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि आकडा येतो. ह्यांचा आकडा एकोणीस वर्षं शून्य! सुरक्षिततेची तीन प्रशस्तिपत्रकं आहेत भिंतीवर.

शून्य येईल नाहीतर काय? बॅज असायचा माझ्या उशाशी, टेबलाच्या खणात. आकडा चढला की साइटवरून उचलतात आणि गोदामात बसवतात, ह्याची ह्यांना धास्ती. "अगं, मला काय धाड भरलीय? जपायचं ते बॅजला," असं वर मलाच ऐकवायचे. मी कपाळावर हात मारून कामाला लागायचे. माझंही चुकलंच, नाही कशाला म्हणू?

यंदा माझ्या गळ्यातली गाठ काढली. मग डॉक्टरांनी किरणांच्या औषधाची गोळी दिली आणि घरी सोडताना बजावलं, तुमच्या अंगातून किरण निघतील, काही दिवस एकट्याच झोपा, कुणाला जवळ येऊ देऊ नका. किरण म्हटल्यावर हे लगेच तज्ज्ञ झाले. स्वतःची गादी बाहेरच्या खोलीत नेली. माझं ताट उंबऱ्यावर ठेवून चार पावलं मागे सरायचे. भेटायला आलेल्या नणंदेला दारातूनच वाटेला लावलं. खणातला बॅज तेवढा राहिला माझ्या उशाशी.

पुढचा आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. नेमकं तेव्हाच ह्यांना सुरक्षा अधिकारी करायचं ठरत होतं. बढती राहिली बाजूला, हातातलं कामच बंद झालं. चौकशीला एक बाई घरी आल्या. हे आधीच सगळं घोकून बसले होते.

"बॅज या वेळी चुकून घरी राहिला, हिच्या औषधाजवळ. एकदाच."

बाईंनी पेन उघडलं. एवढं लिहिलं की आकडा रद्द, काम परत, बढतीही परत.

"ताई, एकदाच ना?" त्यांनी मला विचारलं.

नुसती मान हलवायची होती. हे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या हाताकडे. दोन महिने बोटांची सालं निघत होती, आणि विचारलं की म्हणायचे, साबण बदल.

"एकोणीस वर्षं," मी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. जुनी सगळी शून्यं खोडली गेली आणि तिथे 'नोंद नाही' असं लिहिलं. अकरा दिवस हे पुन्हा बाहेरच्या खोलीत झोपले. आता गोदामात हातमोजे आणि हेल्मेटं मोजतात, आणि बॅज मात्र रोज छातीवर. तिथे किरण औषधालाही नाहीत.

रक्ताच्या तपासण्या चालू आहेत. डॉक्टर विचारतात, आजवर अंगात किती गेले असतील? काय सांगणार, कप्पाळ? त्या बॅजने आयुष्यात एकाच माणसाचे किरण मोजले, ते माझे.

रोज सकाळी मी ह्यांच्या बोटांना मलम लावते.

"अहो, दुखतंय का?"

"शून्य," म्हणतात आणि हात मागे ओढून घेतात.