कडी काढायला आणलेली कुत्री

लग्न झालं आणि मी हिंगोलीच्या गल्लीतून थेट रानात येऊन पडले. आमचा आखाडा शिरड शहापूरच्या शिवारात. आखाडा म्हणजे शेतातच बांधलेलं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, शेजारी गोठा आणि विहीर. माहेरी भिंतीला भिंत होती, कुणी शिंकलं तरी पलीकडून विचारपूस व्हायची. इथं सकाळी सासरे आणि आमचे हे कामाला लागले की बोलायला माणूस नाही.

एकदा भर दुपारी एक अनोळखी माणूस पाणी मागायला आला. पाणी प्याला आणि ओट्यावर बसूनच राहिला, माझ्याकडं बघून हसत. मी आत विळा धरून उभी. बऱ्याच वेळानं तो उठून गेला, झालं काहीच नाही. पण संध्याकाळी मी हे घरात सांगितलं आणि तिथंच फसले. आमच्या ह्यांचा हुकूम निघाला, "आमी येईस्तोवर कडी काढायची न्हाई." तो माणूस मोकळा फिरत राहिला आणि कोंडलं मला. राग असा यायचा की भाकरी थापताना परातीचा आवाज गोठ्यापर्यंत जायचा.

मी कुत्रं मागितलं. दारात कुत्रं असलं तर दार उघडं ठेवता येईल, एवढंच माझ्या मनात. तिथं माझा दमा आडवा आला. कळमनुरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की केस गळणारं जनावर घराजवळ नको. "मग न गळणारं आणू," सासरे म्हणाले, जणू तसं वेगळं दुकान असतं. ते बैलांचे पारखी. बाजारात लोक त्यांना बैलाचे दात बघायला ओढून न्यायचे. कुत्रं निवडायचं कामही त्यांनी त्याच थाटात अंगावर घेतलं.

मार्गशीर्षातल्या थंडीत आम्ही औंढ्याकडच्या एका तांड्यावर गेलो. हट्ट करून मीही गाडीत बसले, घराबाहेर पडायची एवढी संधी कोण सोडतं? तिथं कारवानी कुत्री होती, उंच, सडपातळ, आखूड केसांची. सासऱ्यांनी तळहात ओला केला, कुत्र्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत दाबून फिरवला आणि उन्हात धरून पाहिला. हाताला केस लागले. ते कुत्रं नापास. दुसरंही नापास. तांड्यावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "काहून घासून राहिले, पाव्हणं? भांडं हाय का ते?"

शेवटी मधाच्या रंगाच्या एका कुत्रीवर हात फिरवला आणि तळहात स्वच्छ निघाला. सासऱ्यांनी तो हात मला असा दाखवला की जणू त्यावर लाडू ठेवला होता. परतीच्या वाटेवर कुत्री माझ्या पायाशी बसली होती आणि मी हरखून गेले होते.

तो हिवाळा मी दार उघडं ठेवून जगले. उंबऱ्यावर बसून डाळ निवडायची, कुत्री ओट्यावर पसरलेली. लांबच्या रस्त्यावर एसटीची धूळ दिसायची. बांधावरून जाणाऱ्या बाया कुत्रीला हाडहाड करत थांबायच्या आणि दोन शब्द बोलून जायच्या. त्या दोन शब्दांवर माझा दिवस निघायचा.

होळी झाली आणि कुत्री झडायला लागली. पाठीवर हात ठेवला की मुठीत केस. वाकळेत केस, पिठात केस. माझी छाती घरघरायला लागली. सासरे तेव्हा गोठ्यात बैलाला गोणपाटानं घासत होते. उन्हाळा लागला की बैलाचे थंडीतले केस निघून जावेत म्हणून ते दरवर्षी घासायचे. घासता घासता त्यांचा हात थांबला. "थंडीत जनावर पुरते केस कुठं सोडतंय?" ते स्वतःशीच म्हणाले. जन्मभर बैल झडताना पाहिलेल्या माणसाला कुत्रंही झडतं, हे सुचलं नव्हतं. सुचलं तर मलाही नव्हतं म्हणा.

"परत नेऊन देतो," आमचे हे म्हणाले. मी रडून गोंधळ घातला. मग तोडगा निघाला. कुत्री बाहेर राहील, मी आत, आणि केस उडून येतात म्हणून दार बंद! जिच्या भरवशावर दार उघडलं होतं, तिच्यामुळंच पुन्हा कडी लागली. ती बाहेरून दार खरवडायची, मी आतून तिच्याशी बोलायची. वर पत्रा तापायचा. अंगाची लाही व्हायची आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यावर काही फरक पडायचा नाही.

एका दुपारी मी सरळ कडी काढली आणि पदर नाकाला लावून उंबऱ्यावर बसले. कुत्रीनं धावत येऊन मांडीवर डोकं टाकलं. तेवढ्यात सासरे पाणी प्यायला आले.

"दार लाव, बाई. तरास व्हईल."

"न्हाई लावणार, मामा. आत बी कुठं श्वास येऊन राहिला?"

सासऱ्यांना उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. ते पाणी न पिताच वळले. मग गोठ्यातून बैलाचं गोणपाट घेऊन आले, कुत्रीला निंबाखाली नेलं, वारा कुठून येतो ते पाहून पाठमोरे बसले आणि तिला बैलासारखं घासायला लागले. केस उडून मोकळ्या रानाकडं जात होते.

"बस तू," ते मान न वळवता म्हणाले. "मी हाय इथं."

छाती घरघरत होती. दार मात्र मी लावलं नाही.