एलिवेशन मार खातं!

किस्से कोणी जमवत नाही, ते जमतात. माळ्यावर रिकामे डबे जमतात तसे. एक काढायला जावं, तर चार अंगावर पडतात. आता माझं वय असं आहे की, यातलं किती घडलं आणि किती सांगता सांगता वाढलं, याची मलाच खात्री नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते, "सांगा हो, तपासायला कोण येतंय आता!"

तेव्हा सांगतो.

नव्वदच्या आसपासचे दिवस. मीरा रोडला आमची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात जाधवदादा राहायचे. मूळचे खेडकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या मिसेस सुलोचनावहिनी गुडघ्यांमुळे वर्षभर जिना उतरल्या नव्हत्या. त्यांचं सगळं जग खिडकीतून. म्हणून दादांनी ठरवलं, हा फ्लॅट विकायचा आणि काशीगावात तळमजल्याचं, ओटा असलेलं घर घ्यायचं.

"हिला एकदा ओट्यावर बसवलं की मी सुटलो," दादा म्हणायचे.

"मी सुटले म्हणा!" आतून वहिनी.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये पीएच.डी. एकटाच. त्यामुळे सगळे प्रत्येक गोष्टीत माझा सल्ला घ्यायचे. का घ्यायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

*

फ्लॅट विकायला दिला कीर्तीभाईंकडे. हे आमच्या भागातले ब्रोकर. गुजराती, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारे. त्यांनी खाली उभं राहून बिल्डिंगकडे पाहिलं आणि जीभ चुकचुकवली.

"दादा, फ्लॅट ए-वन छे. पण एलिवेशन मार खातं!"

दादा तडक माझ्याकडे. "सर, एलिवेशन म्हणजे काय हो?"

मला वाटलं होतं मला माहीत आहे. पण दादांनी विचारल्यावर शंका आली. डिक्शनरी काढली. पहिलाच अर्थ होता, उंची.

"उंची," मी सांगितलं.

दादा खाली बसले. "बघा सर! त्या माणसाला पण कळलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. उंचीच मार खाते. म्हणून तर विकतोय ना!"

एलिवेशन म्हणजे बिल्डिंगचं बाहेरचं रूप, हे दुसऱ्या दिवशी कीर्तीभाईंनीच समजावलं. दादा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, सरांचा अर्थ जास्त बरोबर होता.

*

बाहेरचं रूप खरंच वाईट होतं. बिल्डिंग चारही बाजूंनी काळी पडली होती. काळ्या डागांचं काय करायचं, हे विचारायला दादांनी मला घरी नेलं. हा तर माझाच विषय! मी खिडकीतून वाकून भिंत खरवडली आणि सांगायला सुरुवात केली. ही बुरशी नव्हे, हे नीलहरित शैवाल. ओल मिळाली की पसरतं, उन्हात वाळून काळं पडतं, पण मरत नाही...

चहा निवला तरी माझं चालूच होतं. वहिनींनी सगळं मन लावून ऐकलं.

"नाव कळलं, सर," त्या म्हणाल्या. "आता त्याला जायला सांगा."

*

रंगासाठी सोसायटीची मीटिंग बोलावली. सगळी बिल्डिंग रंगवायची म्हटल्यावर सगळे गप्प. मग कोणता रंग, हे विचारल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी सेक्रेटरींनी निर्णय दिला, "ज्याला विकायचंय त्याने आपल्या खिडकीभोवती रंग लावून घ्यावा. बाकीची भिंत आहे तशी राहील."

हे विचित्र दिसेल, असं मी म्हणालो. पण इतक्या हळू म्हणालो की, माझा पाठिंबा आहे असं समजून टाळ्या झाल्या.

रंग निवडायचं काम माझ्यावर आलं. शेडकार्डावरचा बदामी मी निवडला. रात्रभर दुसरा जास्त बरा होता असं वाटत राहिलं. पेंटर दोराच्या पाळण्यात बसून वरून उतरला, त्याने दादांच्या खिडकीभोवतीचा चौकोन रंगवला. वाळल्यावर तो बदामी चक्क गुलाबी दिसायला लागला!

काळ्याकुट्ट भिंतीवर तो एकच गुलाबी चौकोन. मी खाली उभा राहून पाहिलं. शेजारी दादा. मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"चुकलं कसं? लांबून दिसतं तरी!"

तेवढं खरं होतं. आठ दिवसांत स्टेशनवरचे रिक्षावाले विचारायला लागले, "किधर छोडूं? गुलाबी खिडकी के आगे, या पीछे?"

*

वहिनींची मासेवाली म्हणजे राई गावची हिराबाई. ती खालून हाक मारायची, वहिनी दोरीने पिशवी सोडायच्या, मासे वर जायचे. पण रंग लावला त्या दिवशी, तो ओला असताना पिशवी सोडायची नाही, अशी कीर्तीभाईंची सक्त ताकीद होती.

"वयनी, पिशवी सोडा!"

"रंग ओला आहे गं!"

"मंग काय करू? बोंबील वर उडवू? पंख न्हाय त्यांना!"

वहिनींना राहवलं नाही. पिशवी सोडली. वर येताना ती वाऱ्याने झुलली आणि ओल्या रंगावर सपकन् आपटली. पिशवीतून तोंड काढलेल्या एका बोंबलाचा भिंतीवर ठसा उमटला. डोकं, जबडा, सगळं स्पष्ट. जीवाश्म म्हणून विद्यार्थ्यांना दाखवता आला असता!

संध्याकाळी एक पार्टी आली. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, हे सांगायला नको. बाई खिडकीतून बाहेर वाकल्या. "ये क्या है?"

कीर्तीभाई जन्माचे शाकाहारी. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "डिझाईन छे, बेन. एक्स्ट्रा कराया है."

*

तेव्हा पाणी टँकरने यायचं. त्यामुळे जिन्यात प्रत्येक दाराशी निळे ड्रम. पुढच्या पार्टीच्या दिवशी कीर्तीभाईंनी सगळे ड्रम गच्चीत लपवायला लावले. लोकांनी कुरकूर केली नाही. वहिनींसाठी आहे म्हटल्यावर चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांनीसुद्धा आपला ड्रम स्वतः वर नेला.

पार्टी म्हणजे भाईंदर वेस्टचे एक गृहस्थ. रिकामा, धुतलेला जिना बघून खूश झाले. "पाणी भरपूर दिसतंय. ड्रमच नाहीत कुणाकडे!"

"चोवीस तास!" कीर्तीभाई म्हणाले.

आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला.

पुढची पाच मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. सगळी बिल्डिंग गच्चीकडे पळाली, मग ड्रम घेऊन खाली पळाली. पाहुणे भिंतीला चिकटून उभे. त्यांच्या हातात मी घाबरून चुकून एक हंडा दिला, तोही त्यांनी धरला.

गडबड संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "हा टँकर रोज येतो?"

खोटं बोलायचं त्राण कोणातच उरलं नव्हतं. दादा म्हणाले, "रोज."

"नशीबवान आहात. आमच्याकडे एक दिवसाआड."

फ्लॅट त्यांनी घेतला नाही. हंडा मात्र भरून, तिसऱ्या मजल्यावर आणून दिला.

*

मग कीर्तीभाईंचं लक्ष दादांच्या दाराकडे गेलं. दारावर पितळी पाटी आणि वर बुद्धाचा फोटो.

"दादा, दरवाजा प्लेन पाहिजे. नावबिव, फोटोबिटो कायपण नको. पार्टीला घर आपना लगना चाहिए."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे. अशा वेळी मला नेमकं काय बोलायचं ते कळतं, पण दोन दिवसांनी. माझ्या घरात तोच फोटो आतल्या खोलीत होता.

आतून वहिनींचा आवाज आला. "पाटी काढा हवी तर. आपलं नाव आपल्याला पाठ आहे. फोटो राहील. तो बघून ज्याला जिना उतरावासा वाटेल, त्याने खुशाल उतरावा. त्याचे गुडघे चांगले असतील!"

कीर्तीभाई ओशाळले. स्वतःच्या रुमालाने त्यांनी फोटोवरची धूळ पुसली.

पाटी तेवढी निघाली. परिणाम असा की, पुढच्या रविवारी आलेल्या जोडप्याने माझ्या दाराची बेल वाजवली. नवरा बँकेत, बायको नर्स. मला वाटलं, माझ्या बायकोच्या माहेरचे कोणी. बायकोला वाटलं, माझे जुने विद्यार्थी. आम्ही त्यांना चहा दिला. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, मोरीचा नळ सोडून पाहिला. आपल्याकडचे विद्यार्थी चौकस निघाले, याचं मला कौतुक वाटलं.

"आम्हाला पसंत आहे," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"फ्लॅट!"

उलगडा झाल्यावर मी त्यांना समोर नेलं. मागून माझी बायको हळूच विचारते, "अहो, पण आपल्या फ्लॅटचे किती देणार होते?"

त्यांनी दादांचाच घेतला. टोकन दिलं, पेढे वाटले.

*

राहता राहिलं काशीगावचं घर. ते घ्यायच्या आधी वहिनींनी स्वतः बघावं, असा दादांचा हट्ट. एका सकाळी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायचं ठरवलं. चौघांनी खुर्ची उचलली. मी पुढे उलटा उतरत, "सावकाश, सावकाश" म्हणत होतो.

"सर, तुम्ही सरळ तोंडाने उतरा हो," वहिनी म्हणाल्या. "मला माझ्यापेक्षा तुमचीच धास्ती वाटतेय!"

प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. बायका खुर्चीला हात लावून जात होत्या. खाली रिक्षा तयार होती, कीर्तीभाई तिच्यात पुढे बसलेले. कंपाउंडमध्ये खुर्ची टेकली, तशा वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा."

त्यांनी उन्हाला हात आडवा धरला आणि वर पाहिलं. वर्षभरात बिल्डिंग बाहेरून त्यांनी पाहिलीच नव्हती. रंगवलेली खिडकी तर नाहीच. दादा उगाच खुर्चीची धूळ झटकत राहिले.

बऱ्याच वेळाने वहिनींनी हात खाली घेतला. डोळे पुसले नाहीत, पदर नीट केला. मग रिक्षाकडे वळून म्हणाल्या,

"कीर्तीभाई, ते गुलाबी खिडकीचं घर कुणाचं हो? विकाऊ आहे का, विचारून बघा ना!"